खंड वाचा, सिनेमा बघा. पण कुठे थांबायचं?

अप्पा बळवंत चौकातून 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही खंड आणून 'एक खंड वाचला की एक सिनेमा' असा बेत आखणाऱ्यांनी जरा थांबा. खंड आणि सिनेमे एकाच जागी संपत नाहीत. अंगठी नष्ट करायला निघालेल्या चमूतला योद्धा बोरोमीर पुस्तकात दुसऱ्या खंडाच्या पहिल्याच प्रकरणात मरतो. पीटर जॅक्सनने ते २००१च्या पहिल्या सिनेमाच्या शेवटी घेतलं. तेवढं प्रकरण आधी उरकून घ्या. उलट, शेलॉब ही राक्षसी कोळीण दुसऱ्या खंडाच्या अखेरीस भेटते, पडद्यावर मात्र थेट २००३च्या तिसऱ्या सिनेमात. यावरून चिडणाऱ्यांनी परिशिष्टातला कालक्रम उघडावा: दुसऱ्या सिनेमातली हेल्म्स डीपची लढाई ३ मार्चच्या रात्री, शेलॉबची गुहा १२ला, तिसऱ्या सिनेमातलं पेलेनॉरचं रण १५ला. तारखा बघितल्या तर जॅक्सनचंच बरोबर आहे.

पुस्तकातला रानात राहणारा गूढ टॉम बॉम्बाडिल सिनेमातून कापला, ते चाललं. सगळ्यांना मोहात पाडणाऱ्या अंगठीचा त्याच्यावर काडीचा परिणाम होत नाही. मग प्रेक्षकाला तिची धास्ती वाटणार कशी?

बोरोमीरचा भाऊ फॅरामीर, त्याचं मात्र पार वाटोळं केलंय. पुस्तकात तो अंगठीचा मोह झटकून टाकतो. सिनेमात अंगठी वाहून नेणाऱ्या फ्रोडोला कैद करून ऑस्गिलियाथ या उद्ध्वस्त शहरापर्यंत नेतो. का, तर शेलॉब पुढे ढकलल्यावर दुसऱ्या भागात फ्रोडोपुढे मोठं संकटच उरलं नाही. ते फॅरामीरमधून काढलं. एक्स्टेंडेड, म्हणजे वाढीव आवृत्तीत बोरोमीर आणि त्यांचे वडील डेनेथॉर यांच्याबरोबरचा जुना प्रसंग आहे, त्याने तो थोडा सावरतो. या दुसऱ्या भागाची चित्रगृहातलीच आवृत्ती १७९ मिनिटांची आहे, त्यामुळे मोठी लावणार असाल तर जेवणं आधी आटपा.