मऊ शिसं आणि एक नेमका बार

आज दिवसभर रेंजवर होतो. हरणांच्या शिकारीचा सीझन तोंडावर आलाय, आणि .५० कॅलिबरच्या (अर्धा इंच नळीच्या) मझललोडरमधून, म्हणजे तोंडाकडून भरायच्या बंदुकीतून, मऊ शिशाची हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ) गोळी नेमकं काय करते ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला रानात जायचं नव्हतं. काळी पावडर आधुनिक रायफलचा वेग देत नाही. त्यामुळे गोळी आदळल्यावर फुलायची तर धातूच मऊ हवा. शुद्ध शिसं ब्रिनेल या कठीणपणाच्या मापावर जेमतेम ५ भरतं, नखानेही ओरखडा उठतो. अँटिमनी मिसळलेली कडक गोळी या वेगाला बहुतेकदा न फुलताच आरपार जाते.

भिजवलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यातून काढलेली गोळी बराच वेळ हातात धरून होतो. तोंडाच्या कडा पाकळ्यांसारख्या मागे वळलेल्या, बुडाशी मात्र रायफलिंगचे (नळीतल्या पिळदार खाचांचे) व्रण जसेच्या तसे. १०० यार्डांवर नेमही छान लागला, पण प्रत्येक बारानंतर नळी ओल्या फडक्याने पुसली तरच. काजळी साचली की पुढची गोळी गजाने रेटावी लागते आणि नेम पसरतो.

ओला कागद म्हणजे हरणाची छाती नव्हे, हे मान्य. बरगडी आडवी आली की गणित बदलतं. पण जनावर जखमी होऊन तडफडत राहू नये, ही जबाबदारी बार टाकणाऱ्याचीच. आता हीच गोळी ५० यार्डांवर बघायची आहे. तिथे वेग जास्त, ती लवकर फुलून उथळ थांबते का ते कळेल.