दुसरा बोलत असताना

२८ जून २०२४ची सकाळ, साडेसहाची वेळ. तिकडे अमेरिकेत, अटलांटात, आदल्या रात्रीचे नऊ वाजले होते आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीची बायडन-ट्रम्प डिबेट सुरू झाली होती. मी चहा घेऊन टीव्हीसमोर, आणि आई खाली पेपर पसरून मेथी निवडत बसलेली. तिला इंग्रजी येत नाही. मी मात्र कान देऊन कोण कुठल्या मुद्द्यावर घसरतोय याचा हिशोब ठेवत होते. थोड्या वेळानं आईनं मान वर केली. "अगं, त्या बारीक आजोबांना बरं नाहीये का?"

आजोबा तेव्हा बोलतही नव्हते. बोलत होते ट्रम्प. एक बोलत असताना दुसऱ्याचा माइक बंद, असा नियमच होता, समोर प्रेक्षकही नव्हते. पण माइक बंद केला म्हणून चेहरा थोडाच बंद होतो! पडद्याच्या अर्ध्या भागात बायडन तोंड अर्धवट उघडं ठेवून कुठेतरी बघत उभे होते. २१ जुलैला त्यांनी निवडणुकीतून माघार घेतली तेव्हा घरात कोणाची कॉलर ताठ झाली हे सांगायला नकोच.

तेव्हापासून मला नादच लागलाय. उमेदवार बोलायला लागला की मी दुसऱ्याकडे बघते. भाषणं लिहून देणारे असतात, हातवारे शिकवणारेही असतात. ऐकायला मात्र ज्याचं त्यालाच लागतं. जुन्या डिबेट काढून बघितल्या. १९६०ची, शिकागोतली. केनेडी शांत बसून ऐकतायत. निक्सन नुकतेच गुडघ्याच्या दुखण्यातून उठलेले, चेहरा ओढलेला, हनुवटीवर घाम. (रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सनच सरस वाटले, असं छातीठोकपणे सांगतात. त्याला आधार एका छोट्याशा पाहणीचा आहे, पण गोष्ट इतकी छान आहे की कोणाला सोडवत नाही.)

माझी सगळ्यात आवडती १५ ऑक्टोबर १९९२ची. रिचमंडमध्ये साध्या मतदारांनी प्रश्न विचारायचे होते. एक बाई उठून विचारते, देशावरच्या कर्जाची तुम्हाला स्वतःला काय झळ बसली? तिचा प्रश्न चालू असतानाच थोरले बुश मनगट वळवून घड्याळात बघतात. झालं! उत्तर द्यायची क्लिंटन यांची पाळी आली तेव्हा ते चार पावलं तिच्याकडे चालत गेले आणि आधी तिलाच विचारलं, तुला कशी झळ बसलीय ते सांग. आता यात माया किती आणि सराव किती, देव जाणे. पण त्या बाईची मान हलायला लागते, ते बघण्यासारखं आहे.

नुसतं बघून माणूस ओळखायची आईची ही परीक्षा पक्की आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. १९२०मध्ये वॉरन हार्डिंग निवडून आले ते साठ टक्के मतं घेऊन. उंचेपुरे, रुपेरी केस, राष्ट्राध्यक्ष दिसावा तर असा! पुढे त्यांच्या कारकिर्दीतलं सरकारी तेलाच्या साठ्यांचं लाचखोरीचं प्रकरण बाहेर आलं आणि इतिहासकारांनी त्यांना पार तळाला नेऊन बसवलं. उलट लिंकन. आवाज चिरका, अंगकाठी किडकिडीत. १८६०मध्ये अकरा वर्षांच्या एका मुलीनं पत्र लिहून कळवलं की तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी ठेवा. आणि या माणसानं ऐकलं की! दाढी वाढवली, पुढे वॉशिंग्टनला जाताना तिच्या गावी गाडी थांबली तेव्हा तिला भेटलाही. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग? ऐकलंच ना त्यानं?"

परवा ती मामाच्या मोतीबिंदूची कहाणी तिसऱ्यांदा सांगत होती. मी हं, हं करत होते. मध्येच थांबली.

"घड्याळात काय बघतेस गं?"