गृहीत कोणी धरलं?

‘पुढच्या तीस-चाळीस वर्षांत जगापुढे जे प्रश्न येणार, त्यासाठी इंजिनिअरिंगच्या मुलांना आता नेमकं काय शिकवायला हवं?’ हे मला पालक विचारतात, जुने विद्यार्थी विचारतात, अभ्यासक्रम समितीतले सहकारीही विचारतात. बहुतेकांच्या मनात उत्तर तयार असतं: हवामानबदलाचा एक पेपर, कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक, नीतिमत्तेचा अर्धा. मी गेली बावीस वर्षं स्ट्रक्चर्स, म्हणजे इमारती-पूल भार कसा पेलतात तो विषय, शिकवतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, मला नव्या पेपरांपेक्षा जुन्या पेपरातले दोन शब्द जास्त छळतात: ‘गृहीत धरा’.

आमचं प्रत्येक गणित तिथून सुरू होतं. घर्षण शून्य गृहीत धरा. भार सगळीकडे सारखा गृहीत धरा. पाया खचत नाही असं गृहीत धरा. त्याशिवाय शिकवताच येत नाही, हे मान्य. पण चार वर्षं दुसऱ्याने धरलेल्या गृहीतकांवर गणितं सोडवून मुलं बाहेर पडतात आणि बाहेर गृहीत धरण्याचं काम त्यांच्याच गळ्यात येतं. मांडून दिलेलं गणित तर आता यंत्रही सोडवतं. गृहीतक चुकलं की काय होतं, ते कॅनडातल्या क्वेबेकच्या पुलावरून बघा. त्याचा मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, 1,600 फुटांवरून 1,800 फुटांवर नेला, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचे आकडे नव्याने नीट काढले नाहीत. 1907 साली बांधकाम चालू असतानाच तो कोसळला आणि 75 कामगार गेले. पुलाचा आराखडा करणाऱ्या कचेरीत बेरीज-गुणाकार न येणारं कुणी नव्हतं.

वर्गात मी जास्त वेळ देतो तो बांगलादेशातल्या हातपंपांना. 1970 च्या दशकात तिथे तळ्यांचं, नद्यांचं पाणी पिऊन मुलं जुलाबाने दगावत होती. युनिसेफच्या मदतीने गावोगावी कूपनलिका खोदल्या. जमिनीखालचं पाणी, जंतूंची भीती कमी, पंप साधा आणि स्वस्त. परीक्षेत या उत्तराला पैकीच्या पैकी मार्क पडले असते. फक्त ‘शुद्ध’ म्हणजे ‘जंतू नसलेलं’ एवढंच गृहीत धरलं होतं. आर्सेनिक या विषाला पाण्यात रंग नाही, वास नाही, चव नाही. नेहमीच्या तपासण्यांत ते तेव्हा बघतच नसत. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात ते लोहाच्या ऑक्साइडला धरून बसतं आणि खाली प्राणवायू संपला की सुटून पाण्यात उतरतं. हे शोधायला भूगर्भशास्त्रज्ञ लागतो. त्या विषाने तळहातावर उठणारे खडबडीत चट्टे डॉक्टरला ओळखू येणार. पंप बसवणाऱ्याच्या शेजारी दोघंही नव्हते. 1993 मध्ये तिथल्या कूपनलिकांत आर्सेनिक सापडलं, तोवर कोट्यवधी लोक ते पाणी पीत होते.

मग तपासण्या करून पंप रंगवले. हिरवा म्हणजे प्यायला चालेल, लाल म्हणजे नाही. आता हिरवा पंप दुसऱ्याच्या अंगणात असला तर? त्या घराशी बोलणंच बंद असलं तर? हा इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे की नाही, यावर वर्गात दरवर्षी वाद होतो. एका वर्षी एक मुलगी म्हणाली, ‘सर, पाणी किती उंच उचलायचं ते आपण काढतो. ते किती लांब न्यायचं, हे कुणी काढायचं?’ मी पंधरा मिनिटं बोललो. ते तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे तिलाही कळलं.

म्हणून मूळ विषय कमी करा, असं मी मुळीच म्हणत नाही. सिमेंटच घ्या. माणसामुळे जगात जो कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यातला सात-आठ टक्के सिमेंटचा. मुलं चटकन म्हणतात, भट्टी सौर विजेवर चालवू. पण निम्म्याहून अधिक वायू इंधनातून येतच नाही. चुनखडी भाजली की तिच्यातूनच तो सुटतो. हे कळायला शाळेतलं रसायनशास्त्र पुरे, आणि नेमकं तेच पहिल्या वर्षी पास होऊन मागे टाकलेलं असतं. वेगळा पेपर काढला की त्याचंही तेच होणार. म्हणून मी तुळईच्या नेहमीच्या गणिताखाली एक ओळ वाढवली: हिच्यात सिमेंट किती किलो गेलं, आणि तुमचं कुठलं गृहीतक बदललं तर ते कमी होईल? पहिल्या खेपेला निम्म्या वर्गाने ती जागा कोरी सोडली.

खरी अडचण मार्कांची आहे. डेन्मार्कमधलं ऑलबोर विद्यापीठ 1974 मध्ये स्थापन झाल्यापासून मुलांना गटाने प्रकल्प करायला लावून शिकवतं. साधारण निम्मा वेळ त्यातच जातो आणि प्रश्न काय आहे हे आधी मुलांनीच मांडायचं असतं. त्यासाठी वेळापत्रक आणि परीक्षा दोन्ही तशाच आखाव्या लागतात. बाकी बहुतेक जण प्रकल्प शेवटच्या वर्षाला चिकटवतात आणि सुटतात. शंभर-सव्वाशे पेपर समोर पडले की एकच उत्तर असलेलं गणित मलाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू!

गेल्या वर्षी एकाचं उत्तर चुकलं होतं, पण त्याने काय धरलं आणि का धरलं ते नीट लिहिलं होतं. दुसऱ्याचं उत्तर अचूक होतं, पण गृहीतकांची जागा कोरी होती. दोघांना सारखे मार्क दिले. दुसरा भांडायला आला आणि त्याचा राग अगदीच चुकीचा नव्हता. मार्क मी वाढवले नाहीत. यंदाच्या पेपरात मात्र ‘गृहीत धरा’ एवढंच छापलंय आणि पुढे चार ओळी मोकळ्या सोडल्यात.