आमची वाटचाल : बार टेपखालचे काम

पुण्यातील आमच्या कार्यशाळेची सुरुवात साध्या, रॉड ब्रेकच्या सायकलींच्या दुरुस्तीने झाली. पुढे २०० ते ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेऱ्या) करणारे सायकलस्वार शहरात वाढले, तशा रोड बाइक आमच्याकडे येऊ लागल्या. आणि गिअर नीट पडत नसल्याच्या कित्येक तक्रारींचे मूळ चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या डिरेलरमध्ये नसून हँडलबारच्या टेपखाली असते हे ध्यानात आल्यावर, केबल बसवण्याचे काम हेच आम्ही आमचे मुख्य काम मानले.

जपानच्या शिमानो कंपनीने १९९० मध्ये ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये आणले, तेव्हा गिअरची केबल लिव्हरच्या कडेने बाहेर पडून मोकळ्या कमानीने फ्रेमकडे जात असे. इटलीच्या कॅम्पाग्नोलोने १९९२ च्या अर्गोपॉवर लिव्हरपासूनच ती टेपखाली नेली होती, आणि ड्युरा-एस ७९०० या मालिकेपासून शिमानोनेही तीच रीत धरली. हँडल देखणे झाले खरे, परंतु केबलच्या वाटेतील वळणे वाढली आणि त्यांच्याबरोबर घर्षणही वाढले.

म्हणूनच हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिल्याखेरीज आमच्याकडे आउटर, म्हणजे केबलचे बाहेरचे आवरण, कापली जात नाही. कापलेले टोक कानशीने सपाट करून, आतली नळी दाभणाने मोकळी करून, मगच टोपी बसवली जाते. शिफ्टरलगतची (गिअर बदलणाऱ्या लिव्हरलगतची) आउटर आधी चिकटपट्टीने घट्ट बांधावी लागते, कारण तिथे ती किंचित जरी सरकली तरी गिअरचा मेळ बिघडतो. गिअरच्या ४ मिमी आउटरमधील तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, म्हणून ती दाबाने आखडत नाही. मात्र तीच ब्रेकला लावली तर जोराच्या ब्रेकमध्ये फाटू शकते, आणि अशी जोडणी दिसली की ती बदलल्याशिवाय आम्ही सायकल परत देत नाही.

टेपखालून केबल नेणाऱ्या शिमानोच्या शिफ्टरमध्ये आतली तार तिच्या टोकाच्या गाठीसारख्या डोक्याजवळच्या तीव्र वळणावर झिजते आणि तुटली तर तिचे डोके आत अडकून बसते. गिअर जड लागू लागताच ती बदलावी, असा आमचा आग्रह असतो, आणि लांबच्या ब्रेव्हेआधी तर आम्ही ती तपासतोच.

२०२१ मध्ये शिमानोच्या ड्युरा-एस आणि अल्टेग्रा या मालिका बारा गिअरच्या झाल्या त्या केवळ इलेक्ट्रॉनिक रूपात, म्हणजे गिअरच्या केबलविना, तेव्हा या कामाचे दिवस सरले असे अनेकांना वाटले. २०२३ मध्ये मात्र १०५ मालिका बारा गिअरसह केबलवरही मिळू लागली. त्या शिफ्टरच्या जोडणीसाठी लागणाऱ्या तारा, आउटर आणि टोप्या आम्ही आता कायम साठ्यात ठेवतो.