जुना एफ-१५० घेताय? आधी खाली वाका

इथे मिशिगनमध्ये मंडळाच्या कार्यक्रमात आमच्या ट्रकचा, म्हणजे फोर्ड एफ-१५० पिकअपचा, विषय निघाला की लोक नवऱ्याकडे बघून प्रश्न विचारतात आणि तो माझ्याकडे बोट दाखवतो. चालवतो तो. ऑईल, टायर, ब्रेक आणि पावत्यांची फाईल माझ्याकडे. हल्ली मंडळातल्या दोघातिघांच्या डोक्यात जुना एफ-१५० घ्यायचं आहे, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच, हॉर्सपॉवर किती? कागदावर ३८५ आहे. त्याने ढोल उचलले जात नाहीत, कॅम्पर, म्हणजे मागे जोडायचं चाकांवरचं घर, ओढतानाही त्यातली निम्मी ताकद पडूनच असते. विचारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आमचा ट्रक २०१६ चा. चार दारं, ५ लिटरचं व्ही-८ इंजिन, सहा गिअरचा ऑटोमॅटिक, फोर व्हील ड्राइव्ह, साडेपाच फुटी हौदा. गणपतीत मखर आणि पथकाचे ढोल, उन्हाळ्यात कॅम्पर, बाकी वर्षभर किराणा.

मिशिगनमध्ये ट्रकचा खरा शत्रू मीठ. डेट्रॉईट शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, आणि नोव्हेंबर ते मार्च आमच्या रस्त्यांवर मिठाची पखरण चालू असते. २०१५ पासून एफ-१५० ची बॉडी ॲल्युमिनियमची झाली, म्हणून विकणारे छाती फुगवून सांगतात, 'याला गंजच चढत नाही.' बॉडीला नाही चढत. पण ती बॉडी ज्यावर बसलीय ती चासी लोखंडाचीच आहे. ब्रेकच्या नळ्या, मागचे पाटे आणि ते चासीला अडकवणारे शॅकल, एक्झॉस्टचे बोल्ट, सगळं लोखंड. वरून कालच शोरूममधून आणल्यासारखा दिसणारा ट्रक खालून पापुद्रे सुटलेला असू शकतो.

माझे सासरे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. ते इथे आले तेव्हा आम्ही त्यांना डिअरबॉर्नला फोर्डचा रूज कारखाना दाखवायला नेलं. एफ-१५० तिथे जुळतो आणि वरच्या गॅलरीतून जुळणी बघता येते. परत येताना म्हणाले, "कारखाना झकास आहे. घरी गेल्यावर तुझी गाडी खालून बघू." आणि खरंच ड्राइव्हवेत जुनी चादर अंथरून आडवे झाले. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चासी ठोकत मागे मागे सरकले. टणक आवाज आला की पुढे, जरा बद्द वाटला की थांबून बोटाने खरवडायचं. ही पद्धत मी उचलली. जुना ट्रक बघायला जाताना टॉर्च आणि एक जाड स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवा आणि मागच्या चाकांच्या आसपास, पाटे जिथे चासीला लागतात तिथे, जास्त वेळ काढा.

गंजावर मी दर ऑक्टोबरात लॅनोलिनचा थर मारते. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण. ते कधी पूर्ण सुकत नाही, म्हणूनच सांध्यात शिरून बसतं. पहिला आठवडा मात्र गॅरेजमध्ये आटपाडीच्या माळावर धनगरवाडा उतरल्यासारखा वास येतो. शेजारीण नाक मुरडते, मला घर आठवतं. काळा रबरी रंग मात्र कुणी फुकट दिला तरी मारू नका. त्याला चीर गेली की पाणी आत अडकतं आणि खालचं लोखंड कुजताना दिसतही नाही.

स्टेपनी हौद्याखाली तारेवर लटकते. बंपरच्या वरच्या भोकातून लांब दांडा घालून फिरवला की ती खाली येते, म्हणजे यायला हवी. मिठाने ती तार आणि तिचा गिअर जाम होतो, आणि हे आपल्याला कळतं हायवेच्या कडेला, उणे पंधरात. म्हणून वर्षातून एकदा स्टेपनी पूर्ण उतरवायची, तारेला ग्रीस द्यायचं, हवा बघायची, परत चढवायची. ट्रक विकणाऱ्यालाही सांगा, 'स्टेपनी उतरवून दाखवा.' त्याची देखभाल कशी होती ते पाच मिनिटांत कळतं.

ऑईलचं सोपं आहे. २०१५ ते २०१७ च्या या इंजिनला ५डब्ल्यू-२० ऑईल, फिल्टरसकट ७.७ क्वार्ट, म्हणजे ७.३ लिटरच्या आसपास. आठ क्वार्ट ओतून मोकळं होणारे असतात, तसं करू नका. डॅशबोर्डवर ऑईलचं आयुष्य टक्क्यांत दिसतं आणि साध्या वापरात ते साडेसात ते दहा हजार मैल जाऊ देतं. पण मॅन्युअलमध्येच पुढे लिहिलंय की ओझं ओढत असाल तर पाच ते साडेसात हजार, आणि फारच हाल होत असतील तर तीन ते पाच हजार. हे पान कुणी वाचत नाही. शाळेपर्यंत दोन मैल जाऊन थंड इंजिन बंद करणं हेसुद्धा इंजिनाचे हालच. मी पाच हजारांना बदलते. एअर फिल्टर तीस हजारांना, स्पार्क प्लग एक लाखाला. गिअरबॉक्सचं ऑईल पुस्तकात दीड लाखाला आहे, पण कॅम्पर ओढणाऱ्याने तेवढं थांबू नये असं माझं मत. सासऱ्यांचं मत विचाराल तर डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजायची पट्टी, रोज सकाळी बघायला हवी. डेपोची सवय. मी रविवारी बघते.

चाकांचे नट आवळायचा जोर १५० फूट-पाउंड, म्हणजे २०४ न्यूटन मीटर. हा आकडा मी गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय, कारण इथल्या एका टायरच्या दुकानाने गनने नट असे आवळून दिले होते की घरी माझ्या दोन फुटी दांड्यावर उभं राहिल्यावर ते सुटले. तक्रार केली तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सैल असण्यापेक्षा बरं ना, मॅम?" बरं नाही. डिस्क वाकडी होते, नट ज्यावर बसतो तो स्टड ताणला जातो. तेव्हापासून चाकांची अदलाबदल मीच करते, आणि शंभर मैलांच्या आत टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणारा पाना, पुन्हा लावते. या नटांची आणखी एक प्रसिद्ध खोड आहे. आत लोखंडी नट आणि वर चकचकीत पत्र्याची टोपी अशी त्यांची बनावट. मधल्या फटीत मीठ गेलं की आतला गंज टोपीला फुगवतो आणि २१ मिलिमीटरचं सॉकेट बसेनासं होतं. ट्रक घेतल्या घेतल्या एकसंध नट टाकून घ्या. खर्च किरकोळ आहे.

आता ओझं. ट्रक किती ओढतो याचे आकडे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतात. आपला आकडा असतो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या पट्टीच्या स्टिकरवर. माणसं आणि सामान मिळून याहून जास्त नको, असं त्यावर लिहिलेलं असतं. आमचा १,६५० पाउंड, म्हणजे साडेसातशे किलोच्या जवळपास. खूप वाटतं ना? आमचा कॅम्पर भरल्यावर सहा हजार पाउंड. त्यातला दहा ते पंधरा टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रकमागच्या जोडणीवर, येतो, समजा ७५०. चौघं माणसं ६००. उरले ३००. त्यात जनरेटर, कूलर, दोन सायकली आणि सासूबाईंनी दिलेला गव्हाच्या पिठाचा डबा. ओढायची ताकद भरपूर शिल्लक असते, वाहायची संपलेली असते. हिचवरचं लेबलही वाचा. वजन वाटून देणारा हिच नसेल तर त्याची मर्यादा ५,००० पाउंड आणि हिचवर ५००, म्हणजे आमचा कॅम्पर साध्या हिचवर चालतच नाही.

फोर व्हील ड्राइव्हचा जुना ट्रक चालवून बघताना चढावर हलका ॲक्सिलरेटर द्या आणि पुढच्या चाकांकडे कान ठेवा. टू व्हीलमध्ये असताना घरघर-करकर आली तर ती हबची, म्हणजे पुढच्या चाकाला ॲक्सलशी जोडणाऱ्या-सोडणाऱ्या भागाची. या ट्रकमध्ये पुढचे हब व्हॅक्यूममुळे सुटलेले राहतात. व्हॅक्यूम गळाला की हब अर्धवट गुंततात आणि दातावर दात घासतो. विकणारा म्हणेल, 'बेअरिंग असेल.' बहुतेक वेळा नळी, चेक व्हॉल्व्ह किंवा इंजिनामागच्या भिंतीवरचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) असतो, स्वस्तातलं काम. पण तसाच चालवत राहिला असेल तर हबचे दात गेलेले असतात आणि ते स्वस्त नाही.

कुठल्या सालचा घ्यावा यावर वाद घालायला मला आवडतं, पण थोडक्यात सांगते. २०११ ते २०१३ च्या सहा गिअरवाल्यांत चालता चालता अचानक पहिल्या गिअरमध्ये पडण्याबद्दल रिकॉल, म्हणजे कंपनीने दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणं, झालेला आहे, तो केला का ते बघा. २०१७ ते २०२० च्या ३.५ लिटरच्या इकोबूस्ट या टर्बो इंजिनाला रात्रभर उभं राहिल्यावर पहिल्या स्टार्टला काही सेकंद खडखड येते, ते कॅम फेझर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ पुढेमागे करणारे भाग. असा ट्रक बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन गरम करून ठेवू नका. तुम्ही पोहोचलात आणि बॉनेट कोमट लागलं तर कारण विचारा. २०१८ ते २०२० च्या ५ लिटरमध्ये ऑईल पिण्याची तक्रार होती, आणि तिच्यावरच्या उपायात सॉफ्टवेअरबरोबर नव्या खुणांची डिपस्टिकही आली. सासऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते. दहा गिअरचा ऑटोमॅटिक काहींचा लोण्यासारखा चालतो, काहींचा धक्के देतो, म्हणून गार आणि गरम दोन्ही अवस्थांत चालवून बघा.

मी आजही २०१५ ते २०१७ चा ५ लिटर आणि सहा गिअरच घेईन. त्यातही थंडीत दाराचं लॅच गोठून दार नीट न लागण्याचा रिकॉल आहे, २०१७ मध्ये निघालेला. गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख नंबर, एनएचटीएसए या अमेरिकी सरकारच्या रस्ते सुरक्षा संस्थेच्या साईटवर टाकला की कुठला रिकॉल बाकी आहे ते फुकट दिसतं. तो नंबर काचेखाली डाव्या कोपऱ्यात असतो, फोनवर फोटो मागवून घ्या. फोटो द्यायला कुणी टाळाटाळ केली तर पेट्रोल जाळत तिथवर जाऊ नका.