रिम्मोनाच्या देवळात

रविवार, रात्री उशिरा

शुक्रवारी केलेली सही अजून डोक्यातून जात नाही. आमच्या विभागातल्या एकाने बैठकीत वरिष्ठांना अडचणीचा प्रश्न विचारला होता. दोन दिवसांनी एक पत्र टेबलाटेबलावरून फिरलं. 'सदर वक्तव्याशी आम्ही सहमत नाही', खाली सह्या. माझ्याकडे आलं तेव्हा अकरा झाल्या होत्या. बारावी माझी. पेन सापडेना तर शिपायाने स्वतःचं दिलं. सही करता करता मी मनात प्रार्थना केली, प्रभू, मला खरं काय वाटतं ते तुला ठाऊक आहे.

सहीपेक्षा ती प्रार्थनाच जास्त खुपते आहे.

आज उपासनेत योहानाच्या आठव्या अध्यायाचं वाचन होतं. 'तुम्हांला सत्य समजेल आणि सत्य तुम्हांला बंधमुक्त करील.' लहानपणापासून पाठ आहे. आतल्या मोकळेपणावर मीही कितीदा बोलले आहे, तरुणांच्या सभेत तर जरा जास्तच रंगून. बाहेर कितीही दडपशाही असो, विश्वासणाऱ्याचं मन कोणी बांधू शकत नाही, वगैरे. मग आज वाटलं, कोणाला दिसतच नाही असं मोकळं मन ठेवायला धाडस ते काय लागतं?

दुपारभर जपानी ख्रिस्ती लोकांचा विचार करत होते. १६१४ मध्ये तिथे देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. पुढे नागासाकीत दरवर्षी नववर्षाच्या सुमारास लोकांना एका प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. फुमी-ए म्हणतात तिला. येशूची नाहीतर मरियेची ब्राँझची लहानशी प्रतिमा, लाकडी फळीत बसवलेली. पाय ठेवला की त्या वर्षापुरते सुटलात. उरलेल्या काही प्रतिमांचे फोटो मी पाहिले आहेत. नाकडोळे जवळजवळ पुसले गेलेत. जुन्या घराचा उंबरठा मधोमध झिजतो ना, तसा ख्रिस्ताचा चेहरा झिजलेला. ज्यांनी पाय ठेवला नाही त्यांची नावं आपण आदराने घेतो. पण तो चेहरा झिजवला पाय ठेवणाऱ्यांनी, आणि त्यांतले कितीतरी त्याच चेहऱ्याची प्रार्थना करणारे होते.

घरी परतल्यावर ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. पापकबुली ऐकायला धर्मगुरू नसेल तर मनापासूनच्या पश्चात्तापानेही क्षमा मिळते, असं सांगणारी एक पुस्तिका बंदीच्या आधीच, १६०३ मध्ये, निघाली होती. पश्चात्तापासाठीचा पोर्तुगीज शब्द जपानी तोंडात बसून त्याचं 'कोन्चिरिसान' झालं. दोनशेहून अधिक वर्षं ना धर्मगुरू, ना देऊळ. प्रार्थना तोंडी पाठ, बाप्तिस्मा गावातलाच कोणीतरी देणार. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीत परदेशी लोकांसाठी नव्याने बांधलेल्या ओउरा इथल्या चर्चमध्ये उराकामी गावचे काही लोक आले, आणि त्यांतल्या एका बाईने फ्रेंच धर्मगुरू पेतीजाँ यांना हळूच सांगितलं, की तुमच्या मनात आहे तेच आमच्याही मनात आहे.

ही गोष्ट सहसा इथेच थांबवतात, आणि मला त्याचा राग येतो. कारण बंदी अजून उठलेली नव्हती. त्याच उराकामीच्या लोकांनी पुढे बौद्ध पद्धतीने अंत्यविधी करायला उघड नकार दिला. तीन हजारांहून अधिक जणांना गावातून हुसकून दूरदूरच्या प्रांतांत पाठवलं, शेकडो तिकडेच मेले. बंदीचे फलक उतरले ते १८७३ मध्ये. म्हणजे नकार देणारे जन्मले ते पाय ठेवणाऱ्यांच्याच घरांत.

हे लिहिताना जरा हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःची लबाडी कळली. त्यांनी पाय ठेवल्यावर पश्चात्ताप केला, तोही दरवर्षी. मी सही करायच्या आधीच माफी घेऊन ठेवली होती. शिवाय त्यांच्यापुढे मरण होतं. माझ्यापुढे फार तर एक बढती.

फ्रान्झ येगरश्टेटरपुढेही कागदच होता. ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचा शेतकरी, चर्चची देखभाल करणारा. हिटलरच्या सैन्यात लढायला त्याने नकार दिला. लिंझच्या बिशपने त्याला समजावलं, की युद्ध न्याय्य आहे की नाही हे ठरवणं तुझं काम नव्हे, तू घरच्यांचं बघ. तरी तो ठरवत राहिला. बेड्या घातलेल्या हातांनी त्याने तुरुंगातून लिहिलं, इच्छाशक्ती बांधली जाण्यापेक्षा हात बांधलेले बरे. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. मला त्याच्याइतकीच त्याची बायको आठवते, फ्रान्झिस्का. पदरात तीन मुली, आणि युद्धविधवेचं निवृत्तिवेतन १९५० पर्यंत नाकारलेलं. त्याच्या मोकळ्या मनाची किंमत तिने हप्त्याहप्त्याने भरली.

बिशपचं ते वाक्य वाचलं की पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला, आणि पाठोपाठ तिथल्याच मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद सुरू. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत? एका पुरोहितशाहीचं जू मोठ्या कष्टाने उतरवलं, ते दुसऱ्या कोणाचं मानेवर घेण्यासाठी नाही, असं त्यांनी १८८५ मध्ये स्पष्ट कळवलं. मला सद्सद्विवेकबुद्धी आहे, मन आहे, स्वतःचा निर्णय आहे. आमच्याकडे बाईंचं नाव भक्तीने घेतात, ही पत्रं मात्र सभांत कोणी वाचत नाही.

रात्री जेवण झाल्यावर २ राजे, अध्याय ५ काढला. अरामाचा सेनापती नामान कुष्ठातून बरा होतो आणि इस्राएलाच्या देवाला मानू लागतो. परत जाताना दोन खेचरांवर मावेल एवढी माती मागतो. मग चाचरत म्हणतो, माझा धनी रिम्मोनाच्या, म्हणजे आमच्या अरामी देवाच्या, देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढ्याची परमेश्वराने क्षमा करावी. त्याला बरं करणारा संदेष्टा अलीशा त्याला रागावत नाही, उपदेशही करत नाही. शांतीने जा, म्हणतो.

म्हणजे नामानानेही आगाऊच माफी मागितली होती! दहा मिनिटं मी खुशीत होते. मग पुन्हा वाचलं. नामान हे बोलतो ते उभ्या माणसासमोर, मोठ्याने. मी वाकणार आहे आणि त्याला क्षमा लागेल, हे तो स्वतःच्या तोंडाने कबूल करतो. मी कोणाला बोलले? नवऱ्यालाही नाही.

उद्या सोमवार. बैठकीत प्रश्न विचारणारा तो समोरच्याच टेबलाशी बसतो. पत्राची प्रत त्याला मिळाली आहे, बारावं नाव त्याने वाचलं असणार. सही करताना मी केलेली प्रार्थना त्या प्रतीत कुठे नाही.