बिनफेडीची उचल

"ताई, एवढं अनुदान मिळालं, मग नोकरी का नाही सोडलीत?" कार्यक्रम संपून चहा फिरायला लागला की हा प्रश्न येतोच. विचारणारी पोरं पंचविशीच्या आसपासची. कुणी ढोलकी वाजवतं, कुणी एकांकिका लिहितं. प्रश्न माझ्याबद्दल असला तरी त्यांना स्वतःचं काहीतरी ठरवायचं असतं, हे कळतं. तिथं उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून आज बैठक मारून सांगते.

आधी आकडा, कारण सगळ्यांना तोच हवा असतो. तमाशातले वग, म्हणजे त्यातली नाटकं, बहुतेक तोंडीच चालत आले. म्हाताऱ्या कलावंतांकडून ते ऐकून उतरवून घ्यायचे, या कामासाठी एका विश्वस्त संस्थेनं मला दोन वर्षं महिना 10,000 रुपये दिले. एकूण 2,40,000, चार सहामाही हप्त्यांत. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची कनिष्ठ फेलोशिपही एवढीच असते. चाळिशी ओलांडलेल्यांसाठीची वरिष्ठ 20,000 ची. माझा शाळेतला पगार याहून जास्त होता आणि तो पंचविसाव्या महिन्यातही येणार होता. नोकरीचा प्रश्न तिथंच संपला. मी बिनपगारी रजा घेतली, तीही तुकड्यातुकड्यांनी.

पण पैशाची खरी गोष्ट समजायची तर आमच्या आप्पांपासून सुरुवात करावी लागेल. आप्पा, म्हणजे माझे वडील, तमाशाच्या फडात ढोलकीला होते. फडावर पगार हा शब्द कुणी फारसा वापरत नसे, तिथं चालायची ती उचल. दसऱ्याला फड बाहेर पडायचा, त्याच्या आधी मालकाकडून रक्कम उचलायची आणि पुढं वैशाखापर्यंत रात्री जागवून ती फेडायची. मालकानं तरी ती कुठून आणलेली? त्यानंही सावकाराकडूनच. गुढीपाडव्याला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपारी ठरवतात, घासाघीस करतात. त्या बोलीवर सगळ्यांची वर्षाची देणी टांगलेली असतात. एका यात्रेत अवकाळी पाऊस झाला की खालपर्यंत सगळे भिजतात. आमच्या घरात आईचं मंगळसूत्र सुटायचं वैशाखात आणि परत जायचं भाद्रपदात.

म्हणून माझा पहिला हप्ता खात्यात आला तेव्हा आप्पांनी विचारलं, "फेडायची कधी?"

"फेडायची नाही, आप्पा."

"मंग कागदावर काय लिहून दिलंस?"

"दर सहा महिन्यांनी कामाचा अहवाल द्यायचा."

ते जरा गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजी फेडायचीच की."

चुकलं नव्हतं त्यांचं. पण फरक होता, आणि तो मला कामावर गेल्यावर कळला. एका जुन्या सोंगाड्याकडं, म्हणजे तमाशातल्या विनोदी नटाकडं, वग उतरवायला बसले. बसून त्यांना काही आठवेना. "समोर राजा पायजे, बाजूला शिपाई पायजे, तवा तोंडातनं येतंय," म्हणाले. वग पाठ केलेला नसतोच, समोरच्यानं वाक्य टाकलं की त्याला भिडून पुढचं निघतं. म्हणजे आणखी दोन माणसं हवीत. ती होती, पण एक कांद्याच्या काढणीला जात होता आणि दुसरा बाजार समितीत हमाली करत होता. त्यांना मी दिवसाची हजेरी दिली. दुपारी बारा ते पाच, पत्र्याच्या शेडमध्ये तिघं उभे राहिले आणि सोंगाड्या अशी काही बतावणी करायला लागला, की रेकॉर्डर धरलेला माझा हात हलत होता. हसून हसून आवाज बिघडलाय त्या फितीत, अजून आहे.

ती हजेरी अर्जातल्या कुठल्याच रकान्यात बसेना. प्रवास होता, साहित्य होतं, छपाई होती. उभं राहून आठवण्याचे पैसे कशात दाखवायचे? शेवटी 'संकीर्ण' कामी आलं. आणि त्या दोन वर्षांतला निम्म्याहून जास्त खर्च त्या संकीर्णातच गेला. माझ्या मते अनुदानाचा उपयोग झाला तो इथं. दहा हजारांत माझं घर चाललं नाही, पण दुसऱ्याचा दिवस विकत घेता आला.

तिसरा हप्ता पाच महिने रखडला, हेही सांगायला हवं. अहवाल पोचला होता, फक्त कुणाची तरी सही राहिली होती. माणसांना कबूल केलेली हजेरी द्यायची म्हणून मी पतसंस्थेतून कर्ज काढलं. बिनफेडीच्या पैशावर व्याज भरणारी मी पहिलीच नसेन. आप्पा पोट धरून हसले.

पुरस्कारांचं गणित वेगळं. मला मिळालेले छोटे: शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि 5,001 रुपये. ते जाण्यायेण्यात आणि पेढ्यांत संपले. पण वर्तमानपत्रात फोटो आला आणि मुख्याध्यापकांनी पुढची रजा मुकाट्यानं मंजूर केली. ज्या गावात आप्पांना 'तमाशगीर' म्हणताना तोंड वाकडं व्हायचं, तिथं ग्रामपंचायतीनं त्यांना खुर्ची दिली. शिवाय पुढच्या प्रत्येक अर्जात 'मिळालेले पुरस्कार' असा रकाना असतो. तो रिकामा नसला की अर्ज ढिगाऱ्यात वर येतो. त्यामुळं ज्याला एकदा मिळालं त्यालाच पुन्हा मिळत जातं. हे मला पटत नाही, पण त्याचा फायदा मीही घेतलाय.

आणि पुरस्कारानं पोट भरतं असं कुणी म्हणालं, की मला विठाबाई आठवतात. नारायणगावच्याच, तमाशातल्या नावाजलेल्या कलावंत. राष्ट्रपतींकडून दोनदा गौरव, 1957 आणि 1990. 2002 साली गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल देणगीदारांनी भागवलं. 2006 पासून राज्य सरकार त्यांच्या नावानं तमाशा कलावंतांना जीवनगौरव देतंय. तो मिळालेल्यांचा मला आनंदच आहे. पण विठाबाईंना पदकाऐवजी दर महिन्याला ठरावीक काही मिळालं असतं तर, असं मनात येतंच. म्हाताऱ्या कलावंतांच्या मानधनाची योजना आहे राज्यात, 2024 पासून सरसकट महिना 5,000. रक्कम थोडी आहे, तरी मी तिला मानते, कारण ती दर महिन्याची आहे. अडतं ते कागदांवर. कलेत इतकी वर्षं घालवल्याचा पुरावा द्या, म्हणतात. आमच्या सोंगाड्याकडं ट्रंकेत एकच हँडबिल निघालं, त्यावरही नाव चुकीचं छापलेलं. माझ्या अहवालाची प्रत आम्ही पुरावा म्हणून जोडली. अर्ज आत आहे अजून.

म्हणून पोरांनो, अर्ज करा, हँडबिलं जपून ठेवा आणि नोकरी असेल तर राहू द्या.

दोन वर्षं संपली, अकरा वग कागदावर आले. शेवटचा अहवाल पोस्टात टाकून घरी आले, तर आप्पा ओट्यावर बसलेले.

"फिटली का?"

"माझी फिटली. त्यांच्याकडनं एक हप्ता यायचाय."

"म्हंजी आता मालकावर उचल आपली?" ते म्हणाले, आणि आईला हाक मारून त्यांनी हे पुन्हा एकदा मला तिच्यासमोर सांगायला लावलं.